मसल कारचं १/२५ मॉडेल: नाशिकमध्ये मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

घरी कोणी आलं की माझ्या शोकेससमोर थांबतं, तिथे किटचे प्लास्टिकचे पार्ट जोडून-रंगवून मी बनवलेल्या, खऱ्याच्या एक पंचविसांश मापाच्या गाड्या आहेत, आणि मग चहा गार होईपर्यंत तेच तेच प्रश्न. कंपनीत तेच, भाच्याच्या मित्रांचे तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी अंबडला टूलरूममध्ये, म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं बनतात तिथे काम करतो, दिवसभर हातात व्हर्नियर, त्यामुळे उत्तरांत मिलिमीटर जरा जास्त येतील, सांभाळून घ्या. उदाहरणं बहुतेक माझ्या १९६९ च्या डॉज चार्जरची आहेत, कारण सगळ्यात जास्त माती मी तिच्यावरच खाल्लीये.

मसल कार म्हणजे नक्की कुठली गाडी? मस्टँग त्यात येते का?

साधा हिशोब असा की मधल्या आकाराची दोन दारांची अमेरिकन गाडी घ्यायची, तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन कोंबायचं आणि किंमत अशी ठेवायची की नुकताच कमवायला लागलेला पोरगाही हप्त्यावर घेऊ शकेल. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ ही बहुतेक लोक पहिली धरतात, टेम्पेस्ट नावाच्या मध्यम गाडीत त्यांनी ३८९ क्युबिक इंचाचं म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन दिलं होतं. तिथून चढत चढत १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ पर्यंत गेलं प्रकरण, त्यातल्या एलएस६ इंजिनाचा आकडा ४५० हॉर्सपॉवर. मग इन्शुरन्स महाग झाला, धुराचे नियम आले, १९७३ ला तेलाचं संकट आलं आणि खेळ संपला.

मस्टँग आणि कॅमारो यांना तिकडे पोनी कार म्हणतात, अंगाने लहान. पण मोठं इंजिन असलेल्या मस्टँगला कोणी मसल म्हणालं तर मी भांडत नाही, आयुष्यात भांडायला बाकीचे विषय आहेत.

आणि हो, काँटेसा मसल कार नाही. दिसते, मान्य. मलाही आवडते. पण ती मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची बॉडी आणि नंतरच्या क्लासिकमध्ये इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. तोंड पैलवानाचं, ताकद कारकुनाची.

१/२४, १/२५, १/१८... कुठल्या स्केलचं घेऊ?

अमेरिकन मसल कार हवी असेल तर १/२५ किंवा १/२४, कारण किटं त्यातच जास्त येतात. १/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, हिशोब सोपा. किट कंपन्यांपैकी एएमटी आणि एमपीसी बहुतेक १/२५ मध्ये, मोनोग्रामच्या जुन्या डाया (साचे) १/२४ मध्ये, आणि रेव्हेलच्या खोक्यात दोन्ही निघतं म्हणून बॉक्सवर नीट वाचा. तामियाची फिटिंग बघून डोळ्यात पाणी येतं पण त्यांचा भर जपानी आणि रेसिंगच्या गाड्यांवर.

खरी चार्जर २०८ इंच लांब, म्हणजे १/२५ मध्ये २१ सेंटिमीटर, वीतभर. शोकेसमध्ये वीतभर गाडी बरी दिसते आणि घरातलं कोणी ‘एवढी जागा कशाला’ असंही म्हणत नाही. १/१८ मध्ये बरंचसं तयार डायकास्टच (धातूचं मॉडेल) मिळतं. १/४३ माझ्या चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना जमत नाही, विषय संपला.

दोन वेगळ्या स्केलच्या गाड्या शेजारी ठेवू नका एवढंच. फरक फक्त चार टक्क्यांचा पण एकदा दिसला की दिसतच राहतो.

किट नाशिकमध्ये मिळतं का? बाकीचं सामान?

किट ऑनलाइनच मागवा, मी तरी तसंच करतो. माझ्या शेवटच्या किटला चार हजारांच्या आसपास गेले. एकदा बॉक्स असा आला होता की वर कोणीतरी बसून जेवलं असावं, बॉडीचा छताचा खांब मोडलेला, तेव्हापासून पार्सल उघडताना व्हिडिओ काढतो.

पण किट सोडलं तर बाकी जवळपास सगळं नाशिकमध्ये आहे, आणि ते हॉबीच्या दुकानात नाही हीच गंमत. बारीक कानशी आणि टोकदार चिमटे सराफ बाजारात, सोनारांची हत्यारं विकणाऱ्यांकडे. नंबर ११ चं ब्लेड आणि ३ नंबरचं हँडल सर्जिकलच्या दुकानात, हॉबी नाइफपेक्षा धार चांगली आणि भाव कमी. वॉटर पेपर ४०० पासून २००० पर्यंत हार्डवेअरवाल्याकडे. बारीक ड्रिल बिट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे, पीसीबीला (सर्किट बोर्डला) भोकं पाडायचे. तांब्याची बारीक तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे, तो तर हातभर तार फुकटच देतो आणि वर विचारतो की कशाला पाहिजे, त्याला गाडीचं इंजिन सांगितलं की तो हसतो.

प्लास्टिक चिकटवायचा पातळ सिमेंट, मास्किंग टेप आणि क्रोमचा फॉइल, ही तीन मात्र चांगल्या कंपनीची मागवा. इथे पैसे वाचवलेत तर पुढे रडाल.

बॉक्स उघडला. आता पहिलं काय करू?

काहीच चिकटवू नका. आधी सगळे पार्ट भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, मोल्डमधून पार्ट सुटावा म्हणून मारलेलं तेल कधीकधी राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही.

मग बॉडी उजेडात धरून फिरवा. इथे माझा पोटापाण्याचा धंदा कामाला येतो. हे इंजेक्शन मोल्डिंगचे पार्ट आहेत, म्हणजे डायचे दोन-तीन भाग जिथे मिळतात तिथे पार्टिंग लाईन येणारच. गाडीच्या बॉडीवर ती बहुतेक पुढच्या फेंडरवरून आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून जाते, नखाला लागते. खऱ्या गाडीवर तिथे काहीही नसतं. ती काढली नाही तर कितीही भारी रंग मारा, चकाकी आली की पहिली तीच दिसेल. ब्लेडची धार उभी धरून खरवडा, मग ६०० चा पेपर, मग ८००.

जाड जागी खळगा पडलेला असतो, तो सिंक मार्क, तिथे पुट्टी. आतल्या बाजूला गोल ठसे दिसतील ते इजेक्टर पिनचे (पार्ट साच्यातून ढकलणाऱ्या), जिथे नजर जाणार नाही तिथले सोडून द्या. जुन्या डायच्या किटमध्ये कडेला पातळ पापुद्रे येतात, फ्लॅश. साठच्या दशकातली डाय आजही छापत असेल तर तिने तरी किती घट्ट मिटायचं.

आणि ज्या काड्यांना पार्ट लटकलेले असतात त्यांना हे हॉबीवाले स्प्रू म्हणतात. तो रनर आहे हो! स्प्रू म्हणजे फक्त मधली जाड दांडी. पण मी एकटा किती लोकांना सांगणार.

पार्ट रनरवरून हाताने मोडू नका. कटरने थोडं लांब कापा, उरलेलं ब्लेडने.

तुम्ही सारखं ‘भागिले पंचवीस’ म्हणता, ते काय?

हाच खरा प्रश्न, बाकीचे वाचले नाहीत तरी चालेल.

मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं? लोक म्हणतात डिटेल कमी पडलं. माझं म्हणणं उलटं आहे, बहुतेक वेळा काहीतरी जाड झालेलं असतं. खऱ्या गाडीवरची कुठलीही गोष्ट मॉडेलवर लावायच्या आधी तिला २५ ने भागा. दारातली फट खऱ्या गाडीत ५ मिलिमीटर, भागिले २५ म्हणजे ०.२. स्पार्क प्लगची वायर ७ मिलिमीटर, म्हणजे ०.२८. चाकाची १४ इंची रिम म्हणजे जेमतेम १४ मिलिमीटर. आणि उलटं पण करून बघा, मॉडेलवरच्या गोष्टीला २५ ने गुणा.

मी एकदा कंपनीत डबा खाल्ल्यावर प्लास्टिकच्या चमच्याची दांडी मायक्रोमीटरने मोजली, १.४२. घरी आणून तिच्या एकाच बाजूवर नेहमीसारखा प्रायमर (खालचा थर), रंग आणि वरून चकाकीचा लॅकर मारला, आठवड्याने परत मोजली, १.५५. म्हणजे एका बाजूला ०.१३ मिलिमीटर, १३० मायक्रॉन. आता गुणिले २५ करा, सव्वातीन मिलिमीटर! खऱ्या गाडीवर सव्वातीन मिलिमीटर जाड रंग म्हणजे भिंतीला गिलावा केल्यासारखं झालं. दरवाज्यांच्या फटी बुजल्या, ‘चार्जर’ लिहिलेली बारीक अक्षरं बुडाली, आणि मी वर्षभर किटला शिव्या देत होतो.

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. एक, रंगाच्या आधी सगळ्या फटी ब्लेडच्या पाठीने हलक्या हाताने दोन-तीनदा ओढून खोल करून घेतो. दोन, थर पातळ, आणि नको तिथे नाहीच. इंजिन बसतं त्या खोबणीला प्रायमरचा एक हात बास.

चमचा अजून ड्रॉवरमध्ये आहे, त्यावर मार्करने ३.२५ लिहिलंय.

रंग कुठला वापरू? गॅरेजवाल्यांचा चालेल का?

चालतो, पण प्रायमरशिवाय नाही. गाड्यांच्या रंगातलं थिनर तेज असतं, उघड्या पॉलिस्टायरीनवर (किटचं प्लास्टिक) पडलं की प्लास्टिकला बारीक सुरकुत्या, उन्हात तडकलेल्या शेतासारखं दिसतं. आधी हॉबीचा चांगला प्रायमर पातळ दोन हात, पूर्ण वाळू द्या, मग वरून गॅरेजचा रंग धुक्यासारखा, ओला थर नंतर. नवशिक्यांनी हॉबीचेच लॅकर किंवा अॅक्रिलिक घ्यावेत, डोक्याला ताप कमी.

मेटॅलिक रंगात मात्र पंचवीसचा हिशोब आडवा येतो. गॅरेजच्या रंगातला चमकीचा कण ५० मायक्रॉनचा जरी धरला तरी मॉडेलवर तो सव्वा मिलिमीटरच्या टिकलीएवढा झाला. गाडी नाही, लग्नातला शालू वाटतो. मला क्रायसलरचा (डॉज त्यांचीच) बी५ नावाचा निळा मेटॅलिक हवा होता, मी दुकानात मिक्स करून आणला आणि असाच शालू तयार झाला. मग हॉबीचा, एकदम बारीक कणाचा निळा आणला. साध्या रंगांना, म्हणजे लाल, काळा, पांढरा, हा त्रास नाही.

आणि गडद रंग एक छटा फिका घ्या, लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद वाटतो.

एअरब्रश घ्यावाच लागेल का?

पहिल्या मॉडेलला नाही. स्प्रेचा डबा पुरतो. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, उकळत्या पाण्यात नाही, गॅसवर तर बिलकुल नाही, मग भरपूर हलवून वीतभर अंतरावरून मारा.

पण दुसऱ्या-तिसऱ्या गाडीनंतर एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक रंग उडवणारी छोटी गन, घ्याच. ०.३ चं नोझल, टाकीवाला लहान कॉम्प्रेसर, १५ ते २० पीएसआय हवेचा दाब, रंग दुधासारखा पातळ. कपाच्या कडेवरून दूध कसं ओघळतं आणि मागे पातळ पडदा सोडतं, तसा.

मी एअरब्रश कुठे शिकलो सांगू का? व्हिडिओ बघून नाही. आमच्या भागात गणपतीच्या मूर्तींचा कारखाना लागतो, श्रावणात तिथे रात्र रात्र गन चालू असते. तिथल्या काकांकडे चार दिवस जाऊन बसलो. त्यांचा हात बघायचा. गन सुरू व्हायच्या आधी हात निघालेला असतो आणि रंग बंद झाल्यावरही हात पुढे जातो, त्यामुळे थेंब कधी जमतच नाही. सोंडेवर गुलाबी सावली ते अशी देतात की सुरुवात कुठे झाली सांगता येत नाही. मी त्यांना बॉडी दाखवली तर त्यांनी हातात घेऊन फिरवली आणि विचारलं की आधी कडा का नाही मारल्या? कोपरे आणि कडा आधी, मग सपाट भाग, नाहीतर कोपऱ्यात रंग पोचवायच्या नादात सपाट भागावर जास्त थर चढतो. हे मला आजवर कुठल्या व्हिडिओत सापडलं नव्हतं.

पावसाळ्यात रंगवलं तर?

नका रंगवू. म्हणजे मॅट रंग, बारीक पार्ट, ब्रशची कामं करा, बॉडीला हात लावू नका.

माझी पहिली चार्जर काळी होती. जुलै महिना, चार दिवस झड लागलेली, होळकर पुलाखाली गोदेचं पाणी चढलेलं, दुतोंड्या मारुती कुठवर बुडला याच्या गप्पा सगळीकडे, आणि मला नेमकी सुट्टी. मी बाल्कनीत बसून वरचा लॅकर मारला. दहा मिनिटांत काळ्या गाडीवर दुधट साय आली. थिनर झपाट्याने उडतं, त्याने पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकरमध्ये अडकते. मी घाबरून वरून अजून एक जाड हात मारला. वाफ आत, लॅकर वर, मुरंब्याची बरणी बंद केल्यासारखं.

दिवाळीनंतरची हवा बेस्ट, कोरडी. फक्त डिसेंबर-जानेवारीत पहाटे नाशिकची थंडी कडक असते तेव्हा रंग घट्ट होतो, म्हणून दुपारी मारा. मे महिन्यात उलटं, रंग बॉडीवर पोचायच्या आधी हवेतच सुकतो आणि खरखरीत बसतो, तेव्हा हळू उडणारं थिनर टाका.

चिलटांवर माझ्याकडे उपाय नाही. लॅकर ओला असताना चिलट बसलं तर हात लावू नका, पूर्ण वाळल्यावर २००० च्या पेपरने काढा.

रंग पार बिघडला. बॉडी टाकून देऊ?

अजिबात नाही. झाकणाच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल भरून बॉडी बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, बरेचसे हॉबीचे रंग निघतात. हट्टी रंगाला ब्रेक ऑइल, डॉट ३ वालं, हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने दोनदा धुवायचं. कुठलंही द्रव आधी रनरच्या तुकड्यावर तपासा. गॅरेजमधलं एनसी थिनर मात्र नको, ते रंगाबरोबर गाडी पण विरघळवतं.

वरची काळी चार्जर अशीच सोलून निघाली आणि तीच आज निळी होऊन शोकेसमध्ये उभी आहे.

किटमधलं क्रोम खोटं दिसतं. काय करू?

कारण ते आरशासारखं आहे आणि त्यावर पार्टिंग लाईन तशीच आहे. बंपरचं क्रोम काढायला घरातलं ब्लीच, दोन-चार तासांत सगळं उतरतं. पण ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन गॅस निघतो, थट्टा नाहीये. मग लाईन घासून, चकचकीत काळा रंग काचेसारखा मारून, वरून क्रोमचा रंग एअरब्रशने हलका. खालचा काळा जितका गुळगुळीत तितकं क्रोम खरं.

काचेभोवतीच्या पट्ट्यांना चिकट अॅल्युमिनियम फॉइल. तुकडा लावायचा, टूथपिकने दाबत दाबत कोपऱ्यात बसवायचा आणि नव्या कोऱ्या ब्लेडने कडेने कापायचं. नवं ब्लेड म्हणजे नवंच, जुन्याने फॉइल फाटतो. एका गाडीला मला तीन ब्लेडं लागतात.

मी एकदा मिठाईवरचा वर्खसुद्धा लावून बघितला, हसू नका, खऱ्या चांदीचा वर्ख इतका पातळ असतो की पंचवीसच्या हिशोबात तोच सगळ्यात बरोबर बसतो. दिसला पण झकास. पुढे हळूहळू काळा पडला, चांदीच ती.

इंजिनला वायरिंग कसं करायचं?

इथे मी रमतो, त्यामुळे उत्तर लांबेल.

माझ्या गाडीत क्रायसलरचं ४२६ हेमी नावाचं इंजिन आहे, खरं इंजिन ७ लिटरचं. लांबी-रुंदी-उंची तिन्ही २५ ने भागली की आकारमान १५,६२५ पटीने कमी होतं, म्हणजे माझं इंजिन अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही. खोकल्याच्या औषधाचे काही थेंब. त्यावर आठ वायरी बसवायच्यात.

आधी डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा) कुठे आहे ते बघा, इथेच लोक फसतात. क्रायसलरच्या मोठ्या ब्लॉकला आणि हेमीला तो पुढे असतो, शेव्हरोले आणि पाँटिअॅकला मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधली भिंत). बघून न बघितल्यासारखं करून दुसऱ्याच गाडीचा फोटो समोर ठेवला की झालं. सिलिंडरचे नंबर क्रायसलरमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १-३-५-७ आणि दुसऱ्या बाजूला २-४-६-८. तिकडचा ड्रायव्हर डावीकडे बसतो हे विसरू नका, मी विसरलो होतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२.

तार ३२ गेजची वाइंडिंगची घ्या, ०.२७ मिलिमीटर, ७ मिलिमीटरच्या वायरीला अगदी फिट्ट. वरून मॅट काळा. ते लाल-पिवळे बंडल दिसायला मजा येते पण कारखान्यातून आलेल्या गाडीची वायर काळीच. हेमीत प्लग बाजूला नसतात, व्हॉल्व कव्हरच्या मधोमध खोल भोकात असतात, त्यामुळे वायरी थेट कव्हरमध्ये शिरतात. कव्हरमध्ये ०.३ चं भोक, तार आत, मागून सुपरग्लूचा थेंब सुईच्या टोकाने.

ब्लॉक नारिंगी, कव्हर काळी. खऱ्या कव्हरचा रंग सुरकुतलेला असतो म्हणून काही जण मीठ-बिठ टाकून टेक्स्चर काढतात. पंचवीसने भागा की राव! ती सुरकुती उरतच नाही, फक्त चमक मरते. साधा मॅट काळा मारा. वर दोन कार्ब्युरेटर, एकामागे एक.

बाकी कंपन्यांचे इंजिनाचे रंग: शेव्हरोले नारिंगी, फोर्ड निळा, पाँटिअॅक फिका निळा मेटॅलिक. शेव्हरोलेचा नारिंगी आणि हेमीचा नारिंगी एकच नाही, शेजारी ठेवून बघा.

आतलं कार्पेट कशाचं?

वेलवेटच्या लग्नपत्रिका! घरात एक तरी असतेच. ब्लेडने वेलवेट खरवडा, पूड गोळा करा, फरशीवर पातळ केलेला फेव्हिकॉल लावून त्यावर चहाच्या गाळणीने पेरा, वाळल्यावर उलटं करून झटका. माझ्या चार्जरचं काळं कार्पेट मावसभावाच्या रिसेप्शनचं आहे, त्याला अजून माहीत नाही. पत्रिका मरून असेल तर मरून कार्पेट, रंगाचा फार हट्ट धरू नका.

काचा चिकटवताना धुरकट झाल्या.

सुपरग्लू वापरला ना? त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. काचांना पांढरा फेव्हिकॉल, वाळला की पारदर्शक. सांडला तर ओल्या इअरबडने पुसता येतो.

डिकल पिवळे पडलेत, फाटतात, डाग राहतात...

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चिन्हं. पिवळे असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, काही दिवस ऊन खाऊ द्या, बरेच उजळतात. जुने फाटणारे असतील तर आधी वरून लॅकरचा हलका हात. डाग राहतात ते पाण्याचे, आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, वाळलं की क्षार उरतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. पाणीच आणा, अॅसिड नव्हे, दुकानदाराला नीट सांगा.

चार्जर आर-टी (चार्जरचं जास्त ताकदीचं मॉडेल) च्या शेपटीवरचे पट्टे मी डिकलने न करता टेपने मास्क करून रंगवतो. डिकल वळणावर नेमके सुरकुततात.

६८ आणि ६९ च्या चार्जरमध्ये फरक काय? मला सारख्याच दिसतात.

बॉडी जवळपास तीच. ६८ ला मागे चार गोल दिवे, ६९ ला दोन लांब आडवे. ६९ च्या पुढच्या ग्रिलला मधोमध दुभाजक, ६८ ला नाही. मी एका ठिकाणी ६९ चं तोंड आणि ६८ ची शेपटी असलेलं मॉडेल बघितलंय, रंगकाम इतकं देखणं की सांगायची हिंमत झाली नाही. हेडलाइट ग्रिलच्या मागे झाकलेले असतात, दिवे लागलेले नसतील तर झाकणं बंदच दाखवा.

टायरने प्लास्टिक खाल्लं म्हणजे काय?

काही जुन्या किटचे मऊ टायर स्टायरीनला चिकटून राहिले की त्यांच्यातलं तेलकट रसायन रिमला वितळवतं. रिमवर रंगाचा किंवा फॉइलचा थर ठेवा. आणि टायर जमिनीला टेकतो तिथे पेपरवर चार घासे द्या, म्हणजे गाडीला वजन आहे असं वाटतं.

फ्लॅटमध्ये रंगवतो, घरचे वासाने वैतागलेत.

बरोबर वैतागलेत. एन-९५ मास्क थिनरची वाफ अडवत नाही, कार्बनचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. खिडकीत एक्झॉस्ट. आणि देवघरात दिवा लागलेला असताना शेजारच्या खोलीतसुद्धा स्प्रे मारू नका. आमच्याकडे ठरलंय, संध्याकाळी सातच्या आधी रंग बंद, नाहीतर आई दिवा लावत नाही आणि मग बोलतही नाही.

एका गाडीला किती वेळ जातो?

वेगात तीन महिने, माझ्या वेगाने आठ. त्यातला निम्मा वेळ वाळण्याची वाट बघण्यात. लॅकर वाळला का हे बघायला बोट लावू नका, नाक लावा. वास येतोय म्हणजे आत थिनर आहे, पॉलिश करू नका. मी बॉडी आठ-दहा दिवस मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो, धूळ पण बसत नाही.

तयार झाल्यावर ठेवायची कुठे?

काचेच्या शोकेसमध्ये, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब. ऊन रंग उडवतं आणि स्टायरीन वाकतं. एक मॉडेल मी मे महिन्यात कारच्या डॅशबोर्डवर ठेवून सिन्नरला गेलो होतो, परत येईपर्यंत छताला पोक आलं. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने, कापडाने नाही, वायपर आणि आरसे कापडातच निघून येतात.

विकता का? ऑर्डर घेता का?

नाही. एकाने निळी चार्जर मागितली होती, मी तास मोजून भाव सांगितला, तर तो म्हणाला एवढ्यात जुनी मारुती येईल. येते पण. मग त्याला वाइंडिंगची तार आणि एक वेलवेटची पत्रिका देऊन पाठवला, सध्या त्याच्याकडे बॉडी प्रायमरवर आहे आणि दर रविवारी सकाळी फोन येतो.